उचललेले आणि उमजलेले

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



एका कलावंताला दुसऱ्या कलावंतापासून प्रेरणा मिळते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असे विचारावे हेच कोणाच्या मनात येत नाही. सत्कारसमारंभांत, अर्पणपत्रिकांत आणि मुलाखतींत ‘प्रेरणा’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. परंतु घेणाऱ्याने नेमके काय घेतले, घेतलेल्याचे पुढे काय केले, आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे ऋण कोणत्या रीतीने मान्य केले, या प्रश्नांची उत्तरे सहसा हाती लागत नाहीत. ती हवी असतील तर सर्वसाधारण विधाने बाजूला ठेवून एखाद्या एकाच कलावंताच्या आयुष्यापाशी काही वेळ थांबावे लागते.

पंडित कुमार गंधर्व यांच्याइतके या विषयाला अनुरूप उदाहरण क्वचितच सापडेल. अनुकरणाच्या कलेत ज्याने बालवयातच परमावधी गाठली आणि पुढे ती सारी मिळकत बाजूला ठेवून ज्याला पहिल्या स्वरापासून शिकावे लागले, असा हा गायक. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या मंडळींना त्यांच्याविषयी आणखी एका कारणाने जवळीक वाटावी. त्यांचा जन्म कानडी घरातला, शिक्षण मुंबईत एका मराठी गुरूकडे झालेले, आणि कर्तृत्वाचा सारा काळ मध्य प्रदेशातील देवास या लहानशा गावी गेलेला. ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांचे अर्थ त्यांना जन्मापासूनच थोडे सैल करून घ्यावे लागले असतील.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील स्वतः गात असत. हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना एके दिवशी एकाएकी गाऊ लागला आणि जे गाऊ लागला ते त्या काळच्या नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिकांतले गाणे होते. नुसती चाल नव्हे. तान कोठून उचलली, कोठे श्वास घेतला, कोणता स्वर किंचित दाबला, हे सारे जसेच्या तसे. एका मठाच्या स्वामींनी कौतुकाने त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. मग गावोगावी कार्यक्रम सुरू झाले. ज्या थोर गायकांना ऐकण्याचा योग सामान्य श्रोत्याला आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी यायचा, त्यांचे गाणे एका लहान मुलाच्या कंठातून एकाच बैठकीत ऐकायला मिळत होते. लोक वेडे झाले यात नवल नाही.

या ठिकाणी त्या ध्वनिमुद्रिकांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. मैफलीत जो राग तासभर उलगडत जातो, त्याचा अर्क त्या तेवढ्या वेळात गवयाला द्यावा लागे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय त्याने आयुष्यभराच्या तालमीवर घेतलेला असे. तबकडी ऐकणाऱ्या मुलाच्या हाती तो निर्णय येत नव्हता. निर्णयाचे फळ तेवढे येत होते. पुढे काय करायचे, राग आणखी दहा मिनिटे चालवायचा झाला तर कोणत्या वाटेने जायचे, हे तबकडी सांगू शकत नव्हती. तबकडी संपली की मुलाचे गाणेही संपत असे.

हे पहिल्यांदा ज्यांच्या नीट ध्यानात आले ते प्राध्यापक बी. आर. देवधर. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत आपले संगीत विद्यालय काढले होते आणि ऑपेरा हाऊसजवळच्या त्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गायक-वादक येत-जात असत. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत अकरा-बारा वर्षांच्या कुमारने श्रोत्यांना थक्क केले आणि त्यानंतर वडिलांनी त्याला देवधरांच्या स्वाधीन केले. ज्याचे गाणे ऐकून जाणकारांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते, त्या मुलाला स्वरज्ञान आणि रागज्ञान प्राथमिक पातळीपासून द्यावे लागले, असे त्या काळाविषयी सांगितले जाते. तो जे गात होता ते काय आहे, याचा पत्ता त्याचा त्यालाच नव्हता.

देवधरांचे मोठेपण असे की त्यांनी या मुलाला आपली प्रतिकृती केले नाही. करणे अगदी सोपे होते. ज्याला कोणाचीही नक्कल साधते त्याला गुरूची साधणे किती अवघड असणार? त्यांनी त्याला अनेकांचे ऐकू दिले आणि प्रत्येक ऐकलेल्या गोष्टीमागचे ‘का’ विचारायला शिकवले. ख्यातनाम गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारजींनी मार्गदर्शन घेतले ते याच काळात. एखादा गुरू शिष्याला विद्या देतो म्हणजे काय देतो, याची चर्चा शिक्षणशास्त्रात पुष्कळ होते. येथे गुरूने शिष्याचे एक वैभव काढून घेतले आणि ते काढून घेणे हेच मोठे देणे ठरले.

आज दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत लहान मुले मूळ गायकाच्या हरकतीसकट गाणी म्हणतात आणि परीक्षक उठून उभे राहतात. त्या मुलांना कोणी दोष देऊ नये. अनुकरण ही शिकण्याची पहिली पायरी आहे. अक्षर गिरवल्यावाचून कोणाला लिहिता येत नाही. परंतु त्या उभे राहणाऱ्यांत एखादा देवधर असतो का, ही शंका मात्र घेण्याजोगी आहे.

तेवीस वर्षांच्या वयात, १९४७ मध्ये, कुमारजींचा विवाह त्यांच्या सहाध्यायिनी भानुमती कंस यांच्याशी झाला आणि त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यात देवासला येऊन राहिले. डॉक्टरांनी गाण्याची सक्त मनाई केली होती. पाच वर्षांच्या आसपास हा गायक अंथरुणावर होता आणि पुन्हा गाता येईल की नाही, याची कोणालाच खात्री नव्हती.

या आजारपणाविषयी एक भाबडी दंतकथा तयार झाली आहे. रोगाने गायकाला मौन दिले, मौनाने चिंतन दिले, चिंतनाने नवे गाणे दिले, अशी ती साखळी. ऐकायला ती गोड आहे, पण तिच्यात दोघांवर अन्याय होतो. एक भानुताई, ज्यांनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालवले आणि रात्रंदिवस शुश्रूषा केली. स्वतः गाणाऱ्या असून स्वतःचे गाणे मागे ठेवले. आणि दुसरे स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ मध्ये अमेरिकेत शोधले गेलेले हे औषध नेमके त्याच वर्षांत आपल्याकडे मिळू लागले होते. ते दहा वर्षे उशिरा आले असते तर या गायकाचे नाव एका अल्पायुषी बालप्रतिभेच्या रूपानेच संगीताच्या इतिहासात उरले असते. तेव्हा रोगाचे आभार मानण्याचे कारण नाही.

त्या खोलीत पडल्या पडल्या जे कानांवर येत होते त्याचे महत्त्व मात्र खरे आहे. माळव्यात लग्नाची, बारशाची, शेतीच्या कामांची, सणावारांची गाणी बायका म्हणतात. पितृपक्षात लहान मुली भिंतीवर शेणाची आकृती काढून संजाची गाणी गातात. आपल्याकडचा भोंडला किंवा खानदेश-विदर्भातली भुलाबाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची कल्पना सहज येईल. याखेरीज दारावरून जाणारे नाथपंथी जोगी आणि निर्गुणी भजने म्हणणारे फिरस्ते होते. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे आणि तेथे गोरखनाथ-कबीरांची पदे गाण्याची जुनी परंपरा आहे. एकटा माणूस मोकळ्या माळावर उभा राहून गातो, तेव्हा त्याचा आवाज कोणाला ऐकवण्यासाठी नसतो. तो दूर फेकला जातो आणि मध्येच तुटतो. त्या फेकीचे आणि त्या तुटण्याचे आकर्षण कुमारजींना वाटले.

तबकड्या पाठ करणारा जुना मुलगा अजून त्यांच्यात असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. त्याने ती गाणी हुबेहूब उचलली असती आणि मैफलीच्या शेवटी, भैरवीच्या आधी, एक चटकदार प्रकार म्हणून सादर केली असती. तसे करणारे पुष्कळ झाले, अजूनही होतात. कुमारजींनी वेगळा मार्ग धरला. भानुताईंच्या साहाय्याने त्यांनी ही गाणी मोठ्या संख्येने गोळा केली, त्यांचे स्वरलेखन केले, ती पुन्हा पुन्हा तपासली आणि एक प्रश्न विचारला: ज्या बायकांनी कधी रागाचे नाव ऐकलेले नाही त्यांच्या गाण्याला हा घाट आला कोठून?

बहुतेक लोकधुना चार-पाच स्वरांतच फिरतात. रागाला मात्र शास्त्राने किमान पाच स्वर सांगितले आहेत. मालश्रीसारखा अपवाद सोडला तर चार स्वरांत राग मानत नाहीत. म्हणजे चार स्वरांची धून राग होऊ शकत नाही, ती रागाच्या उंबरठ्याबाहेर राहते. तिला आत घ्यायचे तर कोणीतरी ठरवावे लागते की पाचवा, सहावा स्वर कोणता असावा, तो चढताना घ्यावा की उतरताना, कोणत्या स्वरावर थांबावे आणि कोणाला नुसता स्पर्श करून जावे. हे ठरवताना धुनीचा मूळ चेहरा हरवता कामा नये. धून म्हणजे बी मानले, तर त्यातून कोणते झाड उगवू पाहते आहे हे ओळखायचे. काही धुनांत आधीपासून परिचित असलेले राग झोपलेले आढळले. काहींत कोणताच माहीत असलेला राग नव्हता, तरीही काहीतरी पुरे होऊ पाहत होते. अशा धुनांतून कुमारजींनी जे राग उभे केले त्यांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा ही त्यांतली काही नावे.

‘धुनउगम’ या शब्दाकडे थोडे लक्ष द्यायला हवे. नवा राग रचणाऱ्याला आपले नाव मागे ठेवण्याचा मोह होतो आणि तसा प्रघातही आहे. येथे उगम रागाच्या ओळखीतच नोंदवून ठेवला आहे. मालवती म्हटले की माळवा आलाच. ज्या स्त्रियांनी ती धून पिढ्यान् पिढ्या वाहून आणली त्यांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत आणि त्या गाण्यांवर कोणी कधी हक्कही सांगितला नाही. अशा वेळी घेणाऱ्याच्या सचोटीची खरी परीक्षा होते, कारण न सांगितले तरी विचारणारे कोणी नसते. आणखी एक गोष्ट त्यांनी पाळली. लोकगीते लोकगीते म्हणून सादर करायची असतील तर ‘मालवा की लोकधुनें’ या स्वतंत्र कार्यक्रमात. आणि राग गायचा असेल तर तो रागाच्या सर्व जबाबदाऱ्या पत्करून. दोहोंची सरमिसळ करून श्रोत्याला भुलवण्याचा धंदा त्यांनी केला नाही. १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या ग्रंथात स्वरचित बंदिशी आणि नवे राग स्वरलिपीसह छापले आहेत. ज्याला पारखून पाहायचे असेल त्याने पाहावे, असा तो व्यवहार आहे.

सर्वांना हे रुचले असे मात्र नाही. १९५३ च्या सुमारास कुमारजी पुन्हा गाऊ लागले तेव्हा जुन्या जाणकारांपैकी काहींना ते गाणे विस्कळीत वाटले. विलंबित ख्यालाची पायरी-पायरीने चढण नाही, लांब पल्ल्याच्या ताना नाहीत, मध्येच एखादा स्वर तीरासारखा सुटतो आणि मग शांतता. एक फुप्फुस निकामी झाल्याने श्वास तोकडा पडतो आणि त्या उणिवेलाच शैली म्हणून मिरवले जाते, असाही आक्षेप घेतला गेला. आक्षेपात तथ्यांश आहे. श्वासाची मर्यादा खरीच होती. परंतु तोकड्या श्वासाचे गायक पूर्वीही झाले आणि ते लहान लहान ताना घेऊन नेहमीचेच गाणे गात राहिले. ती शांतता कोठे ठेवायची, हे श्वास सांगत नाही. ते माळावरच्या त्या एकट्या आवाजाने सांगितले होते.

येथवर अनाम कलावंतांपासून घेतल्याची गोष्ट झाली. ज्याचे नाव महाराष्ट्रात घरोघर आहे, ज्याचा स्वर हजारोंच्या कानांत पक्का बसलेला आहे, अशा कलावंतापासून घेणे कितीतरी अधिक अवघड. कारण तेथे प्रत्येक श्रोता हातात मोजपट्टी घेऊन बसलेला असतो.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘द्रौपदी’ या नाटकांनी एका पिढीची अभिरुची घडवली. त्यांच्या नेसण्याचे, केशभूषेचे, दागिन्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, हे सर्वश्रुतच आहे. गाण्याचे अनुकरण तर गल्लोगल्ली होई. स्वराला दिलेला तो लडिवाळ झोल, शब्द लाडावून उच्चारण्याची ती पद्धत, अगदी ‘देवा’ म्हणण्याची लकबसुद्धा लोकांनी उचलली. प्रतिबालगंधर्व पुष्कळ झाले. त्यांतल्या काहींचे गळे मूळ गळ्याइतकेच गोड असतीलही; तरीही त्यांच्यापैकी कोणाचे गाणे पुढे चालले नाही.

मुळात बालगंधर्वांचे गाणे तरी कोठून आले होते? त्यांचे गुरू भास्करबुवा बखले. बडोद्याच्या मुलखातील कठोर या गावी जन्मलेले बुवा लहानपणी स्वतः किर्लोस्कर मंडळीत कामे करीत. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगवेगळ्या परंपरांच्या उस्तादांकडे त्यांनी विद्या मिळवली. १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील पदांना बुवांनी ख्यालाच्या अस्सल बंदिशींचा आधार दिला. जी चीज उस्तादाने मोजक्या शिष्यांपुढे गायिली असेल, ती आता मराठी शब्दांचे वस्त्र नेसून दोन-चारशे प्रेक्षकांपुढे रुक्मिणीच्या मुखातून येऊ लागली. बालगंधर्वांनी ती घेतली, पण रंगमंचावर ख्याल गायला नाही. राग जितका रुक्मिणीला हवा तितकाच ठेवला. एकाच ओळीकडे पुन्हा पुन्हा वळून दर वेळी तिचा निराळा भाव दाखवला. म्हणजे उस्तादांकडून बुवांकडे, बुवांकडून नारायणरावांकडे असे हे येणे-जाणे आधीपासून चालूच होते आणि प्रत्येक मुक्कामी त्याचे रूप पालटत होते. ज्यांनी ते शेवटच्या मुक्कामावर पकडून तेथेच गोठवू पाहिले, ते प्रतिबालगंधर्व झाले.

कुमारजींनी बालगंधर्वांच्या पदांची एक मैफल बांधली आणि तिला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. पुढे याच नावाने तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली. तीन शब्दांचे हे शीर्षक प्रस्तुत विषयावरचे एक स्वतंत्र भाष्य आहे.

मराठीत समजणे आणि उमजणे असे दोन धातू जोडीने चालतात, पण ते एक नव्हेत. समजते ते बहुधा दुसऱ्याने सांगितलेले असते. उमजते ते आतून वर येते आणि त्याला वेळ लागतो. सांगितलेले लगेच समजले तरी उमजायला कधी कधी निम्मे आयुष्य जाते. ज्यांची मातृभाषा कन्नड, त्या माणसाने आपल्या कामासाठी नेमका हा शब्द निवडावा, याचे मराठी माणसाने कौतुक करायला हवे. आणि ‘मला’ हा शब्दही तितकाच जबाबदारीने आलेला आहे. हेच खरे बालगंधर्व, असा त्यात दावा नाही. तुम्हांला ते निराळे उमजले असतील तर त्यालाही तेथे जागा आहे.

त्या गाण्यात बालगंधर्वांचा आवाज नाही. तो स्त्रैण मऊपणा नाही, लाडिक उच्चार नाहीत, नाटकातील प्रसंगाचा आधार नाही. ज्याने बालपणी कोणाच्याही आवाजाची सही-सही नक्कल केली त्याला हे साधले नसते असे कोणी म्हणणार नाही. ते त्याने बुद्ध्या टाळले आहे. मग उरले काय? लय उरली. गोडव्याच्या पाठीमागे बालगंधर्वांनी ठेका किती कसून पकडलेला असे, शब्द मात्रेच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे टाकून ते ओळ कशी जिवंत ठेवत, हे गोडवा दूर केल्यावर स्पष्ट दिसू लागते. एकच ओळ दहा वेळा म्हणताना अकराव्या खेपेला नवे काय सुचेल, ही जी विचाराची चाल, ती उरली. ज्या गाण्याला लोक भावनेचे गाणे समजत होते त्याच्या मुळाशी केवढी बुद्धी आहे, हे एका अत्यंत बुद्धिमान गायकाने गाऊन दाखवले. लेख लिहून ते इतके पटले नसते.

ज्यांनी गंधर्व नाटक मंडळीचे ऐन वैभव डोळ्यांनी पाहिले होते अशांना हे गाणे परके वाटणे अगदी स्वाभाविक होते. त्यांच्या कानांत मूळ आवाज होता आणि त्या आवाजाशी त्यांचे तारुण्य बांधलेले होते. त्यांची तक्रार चुकीची होती, असे म्हणून ती उडवून लावणे योग्य नव्हे. उमजलेले गाणे नेहमीच काही तरी मागे टाकून येते. रुक्मिणीचा लाजरा हुंकार येथे हरवला आहे, आणि ज्याला तो हवा आहे त्याने जुनी तबकडीच ऐकावी. दोन्ही असू शकतात, एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही.

आता याची दुसरी बाजू. ज्या कुमारजींनी नकलेतून स्वतःला सोडवून घेतले त्यांच्या नकला पुढे सुरू झाल्या. तो एकाएकी सुटणारा स्वर, ते मध्येच तोडणे, निर्गुणी भजनातील ती फेक, हे सारे अनेक तरुण गायकांनी जसेच्या तसे उचलले. धडधाकट फुप्फुसांची मुले तोकड्या श्वासाचे गाणे गाऊ लागली, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. परंतु त्यांचे गाणे दुसऱ्या वाटांनीही गेले. हिंदी कवी अशोक वाजपेयी यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या कवितांचा ‘बहुरि अकेला’ हा संग्रह झाला. त्यात गाण्याचे वर्णन करण्यापेक्षा त्या गाण्यातल्या एकटेपणाशी कवीने आपला संवाद मांडला आहे. शबनम वीरमाणी यांनी ‘कोई सुनता है’ या माहितीपटात कुमारजींच्या निर्गुणी गाण्याचा माग काढत माळव्यातल्या आजच्या कबीरगायकांपर्यंतचा प्रवास केला. म्हणजे जेथून ते गाणे निघाले होते त्या दारापर्यंत कोणी तरी पुन्हा जाऊन पोहोचले.

आणि घरातले उदाहरण वसुंधराताईंचे. जमशेदपूरला जन्मलेल्या, कोलकात्यात वाढलेल्या या श्रीखंडे घराण्यातील मुलीने लहानपणी कोलकात्यात कुमारजींना ऐकले आणि याच गाण्याचा ध्यास घेतला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर वाढलेल्या मुलीला ती हौस पुरी करायला मुंबईस यावे लागले, आणि तेथे तिला प्रथम देवधरांकडेच बसून पाया पक्का करावा लागला. १९६१ मध्ये भानुताईंचे निधन झाले. पुढल्या वर्षी वसुंधराताई आणि कुमारजी विवाहबद्ध झाले. त्यानंतर तीस वर्षे त्या त्यांच्यासमवेत गायल्या. इतक्या निकटच्या सहवासात स्वतःचा स्वर विरघळून जाण्याचा धोका मोठा असतो. त्यांच्या गाण्यात मात्र ग्वाल्हेर परंपरेची ती शांत, बांधेसूद मांडणी शेवटपर्यंत टिकून राहिली; कुमारजींच्या बंदिशी त्यांनी गायल्या त्या स्वतःच्या चालीने, थोड्या सावकाश.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमारजी गेले. देवासच्या ‘भानुकुल’ या घरात वसुंधराताई २०१५ पर्यंत शिकवत राहिल्या. चिरंजीव मुकुल शिवपुत्र, कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश हे तिघेही गातात, आणि तिघांचे गाणे एकमेकांसारखे नाही.